डोक्याला डोकं

"कोंडा नाही हा," नंदाताई म्हणाल्या. "कोंडा असता तर झटकल्यावर पडला असता. ही लीख. बघ कशी केसाला चिकटून बसलीय."

अबोली दारासमोर, पॅसेजच्या उजेडात, पाटावर बसली होती. स्वतःच्या डोक्यातलं तिला दिसणार कसं? नंदाताईंनी बारीक दातांची फणी फिरवली आणि पांढऱ्या रुमालावर झटकली. तिळाएवढं काहीतरी पडलं आणि चालायला लागलं. अबोलीच्या अंगावर शहारा आला.

सकाळी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला होता : तिसरीच्या वर्गात उवा झाल्यात, मुलांची डोकी तपासा. प्रांजल अबोलीला केसांना हात लावू देत नव्हती, म्हणून तिने शेजारच्या नंदाताईंना बोलावलं. प्रांजलच्या कानांमागे आणि मानेवर उवा निघाल्या, त्यात नवल नव्हतं. पण मग नंदाताई म्हणाल्या, "आता तू बस गो. तूपण सारखी खाजवतेस."

खाजवत होतीच ती. मुलुंडचं पाणी मानवत नाही म्हणून दोनदा शाम्पू बदलून झाला होता.

"पण मला कशा होतील?"

"का? पोरीला आहेत म्हणजे आईला असणारच."

त्या शब्दासरशी अबोली आणि दारात उभी असलेली प्रांजल, दोघीही दुसरीकडे बघायला लागल्या.

सुबोधशी लग्न करून अबोली या घरात आली त्याला पाच महिने होत आले होते. त्याची मुलगी प्रांजल तिला कशानेच हाक मारत नव्हती. ही सोफ्यावर बसली की ती उठायची. रात्री हॉलमधल्या दिवाणावर एकटी झोपायची. वेणी स्वतःच घालायची, वाकडी का होईना. कंगवा कपाटात लपवून ठेवायची. तो तिच्या आईचा होता.

"उडून आल्या असतील," अबोली म्हणाली.

"उवेला पंख कुठले? उडीपण मारता येत नाही तिला. डोक्याला डोकं लागलं की इकडची तिकडे चालत जाते, बस."

"मग लॅबमध्ये. रोज पेशंटचं रक्त घेते ना मी..."

"पेशंटच्या खांद्यावर डोकं ठेवून घेतेस?"

"मग सुबोधकडून."

यावर नंदाताई खो खो हसल्या. सुबोधच्या टकलावर उवेला धरायला होतं काय!

अबोलीला हसू आलं नाही. ती मनाशी पुन्हा पुन्हा जुळवून बघत होती आणि काहीच जुळत नव्हतं. मग मनात आलं, आपणच तर आणल्या नाहीत ना या घरात? नवी आली आणि पोरीचं डोकं भरून टाकलं, असं म्हणायला लोकांना किती वेळ लागतो?

नंदाताई केमिस्टला फोन लावायला आपल्या घरात गेल्या.

"तू नाही आणल्यास," प्रांजल हळूच म्हणाली. "मलाच आल्या आधी. शाळेतून."

"मग मला कशा आल्या गं?"

प्रांजल फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत राहिली.

"तू दुपारी खूप गाढ झोपतेस."

अबोलीची ड्युटी पहाटेची. घरी येऊन दोन घास खाल्ले की ती आडवी व्हायची. त्या वेळी प्रांजल हॉलमध्ये अभ्यास करत असते, अशी तिची समजूत होती.

"मी नुसती बाजूला येऊन झोपते. तुझ्याच उशीवर. तुला जाग यायच्या आधी जाते." मग तिला वाटलं, आता ओरडा बसणार. ती घाईघाईने म्हणाली, "बाबा म्हणतो तू दमून येतेस. मी एकदापण उठवलं नाही तुला."