रागवून दाखवा

"बघावं तेव्हा हिच्या कपाळाला आठ्या!" हे नवऱ्याचं जुनंच रडगाणं. शेवटी लग्नाच्या वाढदिवसाला त्याने तिला कपाळात आठ्या घालवायची बोटॉक्सची इंजेक्शनंच देववून आणली.

पंधरा दिवसांनी दोघं पुन्हा दाखवायला गेली.

"जरा रागवून दाखवा बघू," डॉक्टर तिला म्हणाले.

नवरा हसला. "ती कसली रागावतेय! हल्ली मी काहीही बोललो तरी चेहऱ्यावरची रेष हलत नाही."

तिने लग्नापासून गिळलेला सगळा राग कपाळात आणला. मुठीतला पर्सचा पट्टा पार पिळवटला. कपाळ मात्र काचेसारखं गुळगुळीत.

"छान! समाधानी ना?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"एकदम!" नवऱ्यानेच सांगून टाकलं.

डॉक्टर त्याच्याकडे वळले. "आठी दिसायला लागली, की परत घेऊन या यांना."