मिनिटाला ब्याण्णव शब्द

वाचन कसं शिकवावं, या विषयातल्या पदव्युत्तर पदवीची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बारा वर्षं दुसरीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाई आज स्वतःच परीक्षेला बसल्या होत्या, आणि मागच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन परीक्षक बसले होते. बाईंच्या एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात पेन्सिल. समोर दुसरीतली एक चिमुरडी विहिरीत पडलेल्या बकरीची गोष्ट मोठ्याने वाचत होती. शब्द बरोबर आला की टिक, चुकला की फुली.

पोरीने गोष्ट संपवून पुस्तक मिटलं आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. मिनिटाला ब्याण्णव शब्द, फुल्या फक्त दोन! आता आकलनाचा एक प्रश्न विचारला की सुटले.

"शाब्बास! मग सांग बरं, शेवटी बकरीचं काय झालं?"

"मला काय माहीत? मी तर वाचत होते," पोरगी म्हणाली. "ऐकत तुम्ही होतात ना!"

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर नुसत्या खुणांच्या रांगा. त्यांनी आशेने परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षकांनी गुणपत्रिकेत डोकं खुपसलं. तिथे आवाज, हावभाव, वेळ, सगळ्यांचे रकाने होते, बकरीचा नव्हता.

दारात चहाचा ट्रे घेऊन मघापासून खोळंबलेल्या शिपाईमावशींना शेवटी राहवलं नाही.

 

"अहो, वर आली की ती! म्हातारीने शिंगांना धरून ओढली. मला मेलीला वाचता येत नाही ना, म्हणून नीट ऐकत होते."