गुरगुरेकाकांचं वाक्य

"काका, बोलण्याचं सगळं झालंय की," डबिंगची दिग्दर्शिका काचेपलीकडून म्हणाली. "तुमचं फक्त शेवटी आहे. नेहमीचं."

नेहमीचं म्हणजे गुरगुरणं. व्हॅम्पायर आणि लांडगेमाणसं यांच्या हाडवैराचे चार पिक्चर झाले होते आणि चारही पिक्चरांत म्होरक्या लांडग्याची गुरगुर काकांची होती. धंद्यात त्यांचं खरं आडनाव कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं, सगळे त्यांना गुरगुरेकाका म्हणत. हा पाचवा पिक्चर मात्र पहिल्याच्याही आधीची गोष्ट सांगत होता. यात लांडगा अजून माणूस होता, आणि माणूस म्हटल्यावर तो बोलणारच, आणि तो बोलणार म्हणजे आपणच बोलणार, असं काका आपले धरून चालले होते. बहिणीलाही त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं. ती म्हणाली होती, "बरं झालं, दादा. आता तुझा आवाज तुझा म्हणून ओळखू तरी येईल."

"हो हो, तेच म्हणत होतो मी," काका माइकसमोर उभे राहत म्हणाले. संवादांचे कागद ऑफिसने, सगळ्यांना पाठवतात तसे, त्यांनाही पाठवले होते. काकांनी ते आठ दिवस बसून पाठ केले होते, तांबड्या पेन्सिलीने खुणाही केल्या होत्या. त्यांनी कागदांची घडी घातली आणि खिशात ठेवली. घडी जरा जास्तच नीट घातली.

पडद्यावर माणूस आपल्याच घराच्या दाराशी उभा होता. त्याला लांडगा चावला होता. बायको आत होती, व्हॅम्पायरांच्या घराण्यातली, आणि तिने कडी घातली होती. हेडफोनमध्ये एका नटाचा स्वच्छ, कमावलेला आवाज आला, "दार उघड. मी आहे." मग त्या माणसाची पाठ वाकली आणि काकांनी गुरगुर सुरू केली.

तीनदा केली. तिन्ही वेळा रेकॉर्डिस्टने नकारार्थी मान हलवली.

"सांधा कळतोय," तो म्हणाला. "माणूस एक आणि लांडगा भलताच कोणीतरी."

दिग्दर्शिकेने थोडा विचार केला. "काका, असं करा. वाक्यापासूनच सुरुवात करा. म्हणजे गुरगुर त्यातूनच निघेल. वाक्य आपण मग कापून टाकू."

"म्हणजे मी बोलायचं?"

"कापायचंय ते, काका. टेन्शन घेऊ नका."

काकांनी पाण्याचा घोट घेतला. टेन्शन कसलं! सकाळपासून ते कोणाशी धड चार शब्द बोलले नव्हते. खाली वॉचमनला हात केला होता, तेवढाच काय तो संवाद. पडद्यावरचा माणूस पुन्हा दाराशी आला. काकांनी डोळे मिटले.

"दार उघड गं. मी आहे."

कागदावर 'गं' नव्हता. जिला 'गं' म्हणायचं ती जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून काका आपलं दार आपल्याच किल्लीने उघडत होते. शब्द आपसूक आला. त्याच्यामागोमाग गुरगुर आली, आणि ती इतकी आतून आली की रेकॉर्डिस्टचा हात बटणावरच राहिला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना लाज वाटली, आणि फार दिवसांनी बरंही वाटलं.

"झकास!" दिग्दर्शिका म्हणाली. काकांशी बोलण्याचं बटण तिच्याकडून दाबलेलंच राहिलं, त्यामुळे पुढचंही काकांना ऐकू आलं.

"मॅडम, वाक्यसुद्धा हेच ठेवू या ना," रेकॉर्डिस्ट म्हणत होता.

"वेडबिड लागलंय का तुम्हाला? दीड तास एक आवाज आणि शेवटच्या वाक्याला दुसरा? तो नट माझ्या नावाने शिमगा करेल."

काकांनी खाकरून घेतलं. "मॅडम, कापायच्या आधी मला एकदा ऐकवाल का?"

तिने घड्याळाकडे पाहिलं आणि रेकॉर्डिस्टला खूण केली. खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर काकांचा आवाज आला. दार उघड गं. मी आहे. मग गुरगुर, आणि चित्र तिथेच थांबलं. पिक्चरही तिथेच संपत होता. काका पडद्यावरच्या बंद दाराकडे बघत राहिले.

"ती दार उघडते का हो, मॅडम?"

"काय हे, काका! चार पिक्चर केलेत तुम्ही," दिग्दर्शिका हसत म्हणाली. "तिने दार उघडलं असतं तर हाडवैर कशाला झालं असतं? पुढचे चार निघालेच नसते."

"तेही खरंच," काका म्हणाले आणि तेही हसले. रेकॉर्डिस्टने खोलीतले दिवे लावले, वायरी गुंडाळायला घेतल्या. काकांनी हेडफोन काढला नव्हता.

"मॅडम, अजून एकदा म्हणून बघू का?" त्यांनी विचारलं. "या वेळी जरा हळू म्हणतो."