अंगठ्यावरचं तेल

सत्त्याण्णव साली श्वासाचं मशीन नवीन होतं, नर्स म्हणून मीही. अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्या एका मुलीला नाकातल्या नळ्यांतून हवा मिळायची. बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे आले की हवा जातेय, एवढंच शिकवलेलं. ते थांबले की नळ्या सैल झाल्या समजून मी त्यांचा पट्टा आणखी आवळायचे. तिसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरनी नळ्या उचलल्या. नाकपुड्यांमधला पडदा दाबाने काळा पडलेला. “बुडबुडे बघत बसलीस, नाक कधी बघितलंस?” मुलगी जगली. घरी न्यायला घणसोलीहून आजी आली. नातीचं बसकं नाक बघून तिची सून, बाळाची आई, रडली. आजीने खोबरेल काढलं. “रडू नको बाय, रोज नाक वढून सरल करीन.” मी एका हाताने बाळ सावरत दुसऱ्याने तिचा तेलकट अंगठा धरला. “आजी, ओढू नका. आतला पडदाच गेलाय. पट्टा मी आवळला होता.” आजीने अंगठ्यावरचं तेल पदराला पुसलं आणि नात माझ्या हातातून काढून घेतली.