डबल रजई

वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांनो, तुम्ही म्हाताऱ्यांना नको ते सगळं विचारता आणि विचारायचं तेवढं नेमकं गाळता.

आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार, म्हणून व्यवस्थापक आठवडाभर आजीच्या मागे हात धुऊन लागला होता. केक अंड्याचा की बिनअंड्याचा? फुगे लाल की सोनेरी? फोटोत आजोबांचा हात तुमच्या खांद्यावर ठेवू या का?

"त्यांचा खांदा धरलाय. हातात हात बरा," आजी म्हणाली. आजोबांनी मान डोलावली. पन्नास वर्षं त्यांच्याकडे तेवढंच काम होतं.

शेवटी व्यवस्थापकाने मखमली रजई उलगडली. "ही विश्वस्तांकडून भेट. खास डबल घेतलीय, आजी. एकीत दोघं मावाल. आता थंडीची काय बिशाद."

आजीने रजईवरून हात फिरवला. मऊ होती. तिने आजोबांकडे पाहिलं, मग व्यवस्थापकाकडे.

"रजई झकास आहे, साहेब. पण इथे आल्यापासून हे झोपतात खाली पुरुषांच्या खोलीत आणि मी वर बायकांच्या.

ही पांघरायची कुठे, जिन्यात?"