अठ्ठेचाळीस संत्री

"सत्तेचाळीस," शिंपी मोठ्याने म्हणाला. भिंतीवरच्या पडद्यावर त्याच्या बायकोच्या हाताने शेंड्याजवळचं संत्रं तोडलं आणि टोपलीत टाकलं. "अठ्ठेचाळीस. अगं, मागच्या आठवड्यापेक्षा तीन जास्त."

दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत ती खुर्चीत बसली होती. डोळ्यांवर अर्धा चेहरा झाकणारा काळा चष्मा होता. त्या चष्म्यात म्हणे अख्खी बाग दिसते, आणि बागेत आपलाच हात फिरताना दिसतो; बाकीच्यांनी ते पडद्यावर बघायचं. मल्टिपल स्क्लेरोसिसने दोन वर्षांत तिच्या उजव्या हातातलं बळ बरंचसं काढून घेतलं होतं. नसांवरचं आवरण झिजतं आणि मेंदूचा निरोप हातापर्यंत पोचत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नुसत्या व्यायामाला माणूस कंटाळतं, म्हणून ही संत्री. पन्नास झाली की तिने दुकानातल्या आपल्या स्टुलावर परत येऊन बसायचं, हे शिंप्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. काजं-बटणांना दुसरं माणूस ठेवायला तो तयार नव्हता. सहा कोट बटणांवाचून टांगलेले होते आणि गिऱ्हाइकांना तो रोज नवी थाप मारत होता.

थापांचं त्याला वावडं नव्हतंच. एखाद्याचं पोट सुटलं तर शिंपी तोंडातून अवाक्षर काढत नसे. शिवण गुपचूप उसवून कंबर दोन बोटं वाढवायची आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचं, "कापड आटलं होतं हो तुमचं." गिऱ्हाईक आरशापुढे वळून वळून बघायचं आणि म्हणायचं, "बघा, माझं माप अजून तेच आहे." शेजारच्या स्टुलावर बायको तेव्हा मान खाली घालून दातांनी दोरा तोडत बसायची, चेहऱ्यावरचं कुणाला कळू नये म्हणून. नवी नवरी होऊन दुकानात आली तेव्हा त्याने तिला पहिला धडा हाच दिला होता. माप शिंप्याने लक्षात ठेवायचं, गिऱ्हाइकाला सांगायचं नाही.

एकोणपन्नासाव्या संत्र्याला तिची शाल खांद्यावरून घसरली. ती सारखी करायला शिंपी उठला, आणि पडद्याऐवजी त्याची नजर तिच्यावर गेली. इतक्या आठवड्यांत असं पहिल्यांदाच झालं.

पडद्यावरचा हात फांदीला लागला होता. खुर्चीतला हात खांद्याच्याही खाली थरथरत होता. पहिल्या दिवशी, खेळ सुरू व्हायच्या आधी, तिची बोटं समोरच्या खिडकीच्या कडीपर्यंत वर गेली होती. आज कडी बोटांपासून चांगली वीतभर वर होती. तीस वर्षं माणसं नजरेने मापणाऱ्याला त्यासाठी टेप लागत नाही. 

मशीनपाशी बसलेल्या, व्यायाम घेणाऱ्या मुलीला त्याने खुणेने बाहेर बोलावलं.

"मॅडम, तिचा हात वर जातच नाहीये, आणि तुमचं मशीन अठ्ठेचाळीस दाखवतंय." त्याचा आवाज चढला. "आजारी बाईला असं फसवता? ती कसल्या आशेवर येते इथे, माहितीय तुम्हाला?"

मुलीने दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "काका, काकूंना चष्म्यात खरं तेच दिसतं. आज अकरा झाली. मागच्या आठवड्यात चौदा होती. व्यायाम सोडला तर आहे तेही लवकर जाईल, एवढ्यासाठी येतात त्या."

"मग पडद्यावर?"

"हाताची हालचाल किती पट मोठी दाखवायची, ते ठरवता येतं. चष्म्यात जशीच्या तशी ठेवलीय. पडद्यावरची दर आठवड्याला थोडी वाढवते. काकूंनीच सांगितलंय तसं."

"तिने सांगितलं?"

"पहिल्याच आठवड्यात. मी नको म्हणत होते. तर त्या म्हणाल्या, माप शिंप्याने लक्षात ठेवायचं, गिऱ्हाइकाला सांगायचं नाही."

शिंपी भिंतीला टेकला. त्याला ते सहा कोट दिसले, रिकामं स्टूल दिसलं, आणि भर दुपारी त्या बोळकांडीत तो लहान पोरासारखा रडला. मुलगी दुसरीकडे बघत उभी राहिली. मग त्याने गळ्यातली टेप काढून खिशात कोंबली, बाहीने तोंड पुसलं आणि आत गेला.

तिने चष्मा काढला होता. कपाळावर त्याचा वळ उठला होता.

"किती झाली हो आज?" तिने विचारलं.

"अठ्ठेचाळीस," शिंपी म्हणाला. "पन्नासला दोनच कमी. बघ, तुझा हात अजून तसाच आहे."

तिने मान खाली घातली आणि शालीचा सुटलेला दोरा दातांनी तोडत बसली, गिऱ्हाईक आरशापुढे उभं असताना बसायची तशी.