पंगतीतली जागा

कोंडाईने फुंकर घातली की विझलेली वात पेटायची. एवढ्यासाठी चाळीस वर्षं ती गावाची चेटकीण होती. दीपाईच्या देवळात तिला मज्जाव होता. जत्रेच्या पंगतीकडे ती नुसती फिरकली तरी माणसं भरल्या पानावरून उठायची. पंगतीला ज्याने त्याने आपली पत्रावळ न्यायची रीत होती. म्हणून कोंडाई दर जत्रेला पळसाची एक पत्रावळ टाचायची आणि घरीच तिच्यावर जेवायची.

यंदा नवे पुजारी स्वतः तिच्या झोपडीशी आले.

"आमचं चुकलं, आई. पोथीचा अर्थच आम्ही उलटा लावला होता. ही आग दीपाईनेच तुमच्या श्वासात ठेवली आहे. पंगतीला या."

कोंडाई धुवट लुगडं नेसून, पत्रावळ घेऊन गेली. बायकांच्या रांगेत ठकू दिसली. कोंडाईच्या फुंकरीने पहिली वात पेटण्याआधी दोघी रोज सागरगोटे खेळायच्या. ठकूशेजारी जागा होती. कोंडाई तिथे जाऊन बसली.

ठकू झटकन उठली. मागोमाग सगळी रांग उठली.

"ठके, अगं, मी आहे!"

"म्हणून तर." ठकूने हात जोडले. "देवीच्या लेकीला आमचा विटाळ नको. तुमचं पान वर मांडलंय, आईसाहेब."

वर, गाभाऱ्यासमोर, चांदीचं ताट होतं आणि एकच पाट होता. कोंडाई बसली. तिने आपली पत्रावळ शेजारी मांडली आणि ठकूकडे पाहिलं.

ठकू पुढे आली, वाकली आणि त्या पत्रावळीवर फूल वाहून मागे सरली.